ओल किती आत गेलीय
माझी वहिनी रंगारी आहे. भिंती घासायच्या, भेगांत लांबी भरायची, रंग मारायचा. मी शाळा सोडल्यापासून तिच्या हाताखाली आहे. तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर माझा ब्रश त्याच्या तोंडावर.

तिला दिवस गेले, पण पोटात बाळ सोडून बाकी सगळं वाढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, द्राक्षगर्भ. वारेचेच फुगे होतात, घडासारखे. पिशवी साफ केली आणि म्हणाल्या, दर आठवड्याला रक्त तपासायला या.

वहिनी गेलीच नाही. औषधाच्या दुकानातून दिवस गेल्याचं कळायची पट्टी आणून घरीच तपासलं. दोन रेघा! आई म्हणाली, "जुळं असणार. एक गेलं, एक चिकटून राहिलं." दादा पाळण्याचा रंग ठरवायला लागला. वहिनी शिडीवर चढेना. सगळी छतं माझ्या मानेवर.

मग एकदा मी तिचे कपडे भिजवले. बादली लाल.

"हे काय गं?"

"थोडंसं जातंय. डॉक्टरीणबाईंना सांगू नका. त्या हेही काढून टाकतील."

"चल. नाहीतर उचलून नेते."

"वन्सं, तुम्हाला रंगाचा डबा उचलवत नाही."

पण आली. दादा आणि आईपण आले.

सोनोग्राफीत बाळ नव्हतं. दोन रेघा उरलेल्या फुग्यांमुळे येत होत्या आणि ते आता पिशवीच्या भिंतीत शिरले होते.

"मग परत खरवडा की," दादा म्हणाला.

"खरवडून ओल जाते का कधी?" वहिनी त्याच्यावर खेकसली. मग बाईंना म्हणाली, "किती आत गेलीय? गिलाव्यापर्यंत की विटेपर्यंत?"

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. "विटेत शिरलीय. आरपार नाही गेली. इंजेक्शनांनी बहुतेक सुकते. नाहीच सुकली तर पिशवी काढायची."

"आणि काहीच नाही केलं तर?"

"भिंत फुटेल. मग रक्त थांबवणं अवघड."

वहिनी पडद्याकडे बघत राहिली. तिथं नुसतं करडं करडं होतं.

"बाळ नाही, नक्की?"

"नाही."

"परत बघा."

बाईंनी परत बघितलं. सावकाश. "नाही."

"मग टोचा."

सुई वहिनीला टोचली, डोळे दादाचे भरले. बाहेर बाकावर आई बसली होती. "बाळ बरंय ना?"

मी तोंड उघडलं, पण वहिनीनं मला मागे सारलं. आईशेजारी बसली आणि म्हणाली, "आई, आत कुणी नाहीये. मी दोनदा बघायला लावलं."

आई बाकावर जरा सरकली आणि म्हणाली, "नीट टेकून बस."