न झालेलं गालगुंड

ही गोष्ट मी इथे आखातात, आमच्या मंगफमधल्या एकाही मैफलीत सांगितलेली नाही. आणि मी न सांगितलेलं असं उरलंय तरी काय? रिफायनरीत आगीची ड्रिल चालू असताना सगळे एका दिशेने पळत होते आणि मी नेमका टाक्यांकडे कसा धावलो, ते सांगून झालंय. सगळ्या इमारती सारख्याच, त्यामुळे एकदा परक्याच्या फ्लॅटमध्ये शिरून, बूट काढून, सोफ्यावर पसरून ‘चहा टाक गं’ म्हणून कसा ओरडलो – तेही. लोक पोट धरून हसतात. मीही हसतो. पण ही एक मात्र बायकोलासुद्धा माहीत नाही. का? कारण या गोष्टीतला मी हसण्यासारखा नाही.

माझी लेक सानिका आता दहावीत आहे. तेव्हा तिसरीत होती. त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर इथली शाळा ज्या आठवड्यात उघडणार, त्याच आठवड्यात नाशिकला माझ्या शाळेच्या बॅचचं स्नेहसंमेलन निघालं. सुट्टीला आम्ही तिघंही नाशिकला गेलो होतो; बायको नोकरीसाठी आधीच इकडे परतली होती. मी तिला फोनवर ठोकून दिलं, ‘शाळेला कळवलंय, काळजी करू नकोस.’ कळवलं कुणाला? कुणालाच नाही. थोडक्यात काय – स्वतःची शाळा आठवायला मी पोरीची शाळा बुडवली. आणि तिथे भाषण ठोकलं ते ‘आपल्या शाळेची शिस्त’ या विषयावर! टाळ्या पडल्या हो.

सानिकाच्या शाळेचा नियम साधा होता. सुट्टीला जोडून परवानगीशिवाय दांडी मारली तर आईबापांना दंड, आणि कार्यालयात येऊन लेखी माफी. आजारपण असेल तर माफ. दंड किती? शेजारच्या फहाहीलला एका संध्याकाळी आम्ही कबाबांवर जेवढे उडवतो, त्याहून कमीच. पण माफी – मी, शिस्तीवर टाळ्या घेतलेला माणूस, लेखी माफी मागू?

तर संमेलनातच आमचा एक डॉक्टर मित्र भेटला. हातात जिलेबीची ताटली घेऊनच म्हणाला, “बोल गड्या, कुठला आजार देऊ?” मी म्हटलं, कांजिण्या. “छे, व्रण बघायला मागतील. गालगुंड घे. सूज उतरली की पुरावा संपला!” दोघंही शाळकरी पोरांसारखे खिदळलो. दहा मिनिटांत सर्टिफिकेट तयार. फक्त जिला गालगुंड झालं होतं तिला ते सांगायचं राहून गेलं.

त्यामुळे पहिल्याच दिवशी टीचरनी मायेने विचारलं, गाल दुखतो का गं अजून? सानिका म्हणाली, “नो मिस, आय वॉज डान्सिंग. बाबांची पार्टी होती.”

दुसऱ्या दिवशी मला आणि सानिकाला कार्यालयात बोलावणं. सुपरवायझर बाईंच्या टेबलावर सर्टिफिकेट होतं. बाई शांत होत्या. मुलगी असं म्हणते, कागद असा म्हणतो, तुम्ही काय म्हणता – एवढंच त्यांनी विचारलं.

इथे मी जरा थांबतो. इतकी वर्षं इथेच थांबत आलोय. तुमच्याशी बोलतानाही वाटतंय, की ड्रिलचाच किस्सा पुन्हा सांगावा – टाक्यांपाशी पोचल्यावर काय झालं, तो भाग तर अजून रंगतो...

नको. सांगून टाकतो.

मी हसलो. माझं ते मैफलीतलं हसू. आणि म्हणालो, “मॅडम, ताप फार होता हो तिला. आणि तशीही हिला गोष्टी रचायची सवयच आहे.”

सानिकाने माझ्याकडे पाहिलं. बाई तिला समजावणीच्या सुरात म्हणाल्या, टीचरना सॉरी म्हण. आठ वर्षांच्या मुलीने खरं बोलल्याबद्दल माफी मागितली. जी मला मागायची नव्हती, ती.

दंड माफ झाला. प्रगतिपुस्तकात शेरा आला – कल्पनाशक्ती उत्तम, पण खरं बोलण्याकडे लक्ष द्यावं. आणि एवढ्यावर मी थांबलो का? मी किस्से सांगणारा माणूस! घरी, पाहुण्यांसमोर मीच सुरू केलं – ‘ही सानिकाची बातमी आहे, निम्मी धरा.’ सगळे हसायचे. बायकोसुद्धा. हळूहळू पोरीला पुरावा जोडायची सवय लागली. बस उशिरा आली तर रस्त्यातल्या गर्दीचा फोटो. मैत्रिणीकडे होते म्हटलं की मैत्रिणीच्या आईचा मेसेज. कुणी मागितलेला नसताना. लोक म्हणायचे, काय शिस्तीची मुलगी आहे!

यंदा माझ्या आईची पंचाहत्तरी आली, सुट्टी लागायच्या चार दिवस आधी. या वेळी अर्ज सानिकानेच इंग्रजीत लिहिला. कारण – आजीचा वाढदिवस. खाली एक ओळ जास्तीची – घरात कुणीही आजारी नाही. माझ्यापुढे ठेवून म्हणाली, “बाबा, साइन. परवानगी मिळणार नाही, फाइन भरावा लागेल, मी विचारलंय.”

आज तिची परीक्षा सुटल्यावर दोघं शाळेच्या कार्यालयात गेलो. खिडकीपाशी एक नवीन बाई होत्या, भल्या वाटल्या. अर्ज वाचून हळूच म्हणाल्या, “सर, मेडिकल ले आइए ना, फाइन नहीं लगेगा.” सानिका माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हटलं, “कोई बीमार नहीं है, मॅडम. तब भी नहीं था. ये तीसरी में थी, तब इसने सच बोला था. झूठ मैं बोला था. कहीं लिखा हो तो काट दीजिए.”

त्या बिचाऱ्यांना काय कळणार? त्या म्हणाल्या, “सर, पेमेंट दो नंबर काउंटर पे.”

गेलो. माफीचा कागद लिहिला. या चार दिवसांचा एक आणि कुणी न मागितलेला, त्या वर्षीचा दुसरा. तो कुठे लावायचा हे त्यांना कळेना. ठेवून घेतला. आज संध्याकाळी बायको कामावरून आली की तिलाही सांगणार आहे.

गाडीत बसल्यावर सानिकाने पट्टा लावला. सिग्नलला थांबलो. मग मध्येच सांगायला लागली – आज म्हणे परीक्षेच्या हॉलमध्ये एक मांजर शिरलं, थेट सरांच्या खुर्चीवर बसलं, आणि सर बेल होईपर्यंत उभे. फोन तिच्या दप्तरातच होता. तिने तो काढला नाही. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, आणि मांजराचं पुढे काय झालं ते ती हातवारे करत सांगत होती.