आईने परत नेलेली ज्वारी

“ए, पदर झाड.”

धान्याच्या भर मोंढ्यात, हमालांसमोर, शेठ माझ्या आईला म्हणाला. आईने पदर झाडला.

“ओटीपण सोड.”

आईने ओटी सोडली. मूठभर ज्वारी फरशीवर सांडली. दिवाणजी हसले. मी शेजारीच चाळणी धरून उभी. एकोणीस वर्षांची घोडी झाले होते, पण मान खाली घालून चाळत राहिले.

ती ज्वारी चोरीची नव्हती. औरंगाबादच्या मोंढ्यात आमच्या वस्तीतल्या बाया धान्य चाळायच्या, दुकानं झाडायच्या. पोती उतरताना जे सांडेल, मातीत मिसळेल, ते झाडणाऱ्या बाईचं. निजामाच्या काळापासूनची रीत. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, रीत राहिली. मग दुष्काळ पडला. ज्वारीला सोन्याचा भाव आला. थोरला शेठ वारला होता, आणि गादीवर बसलेल्या त्याच्या पोराला मातीतले दाणेही आपलेच वाटायला लागले.

“रीत हाय मालक,” आई एवढंच म्हणाली.

“कसली रीत? चोरी आहे ही.”

आई घरी आली ती थेट डब्याकडे गेली. आठ दिवस पाखडून, खडे वेचून ठेवलेली ज्वारी होती त्यात. घरात तेवढंच धान्य. तिने डबा डोक्यावर घेतला. मी आडवी आले.

“आये, काय करतीस?”

“चोर म्हनला गं त्यो मला. नगं आपल्याला त्याचा दाना. परत दिली म्हंजी कळंल त्याला, आपुन तसले न्हाय.”

शेठच्या पायरीवर तिने डबा पालथा केला. शेठने वाकून मूठ भरली आणि सगळ्या मोंढ्याला दाखवली.

“बघा. स्वतःच कबूल झाली.”

वर पोलीस बोलावत नाही म्हणून उपकारही ऐकवले. आई पायरीवर मटकन बसली. काय झालं ते तिला समजेचना.

दुसऱ्या दिवशी ती अंथरुणातून उठली नाही. तिचा झाडू घेऊन मी गेले. बाया खाली मान घालून झाडत होत्या. शेठ गादीवरूनच म्हणाला, “जाताना सगळ्यांनी पदर झाडून जायचं.”

मी झाडू दारात आडवा टाकला आणि तिथेच बसले.

“नाय झाडत. पदरबी नाय अन् दुकानबी नाय.”

शेजारची शांतामावशी पुढे आली, माझ्याजवळ बसली. मग एकेक करत सगळ्याच बसल्या. बायांना ओलांडून पोती न्यायला हमाल तयार होईनात. तीन दिवस माल ट्रकमध्येच पडून राहिला. तीन दिवस आमच्या चुलीही थंड होत्या. चौथ्या दिवशी शेठ नमला.

मी पळत घरी गेले. “आये, रीत परत मिळाली.”

“अन् माझं नाव?” आई म्हणाली.

आईने पुन्हा मोंढ्यात पाय ठेवला नाही. झाडलेल्या ज्वारीची भाकर तिने मरेपर्यंत तोंडात घातली नाही.

आता माझेही केस पिकलेत. शेठही म्हातारा झालाय. मला बघितलं की म्हणतो, “या बाई, बसा.” मी बसत नाही. आई बसली होती त्याच पायरीवर उभी राहते आणि मोठ्याने म्हणते, “माझी आई सखूबाई चोर नव्हती. म्हणा.”

तो म्हणत नाही. मान फिरवतो.

मी उद्या पुन्हा जाणार आहे.