हरीतात्यांचा डावा हात

हरिश्चंद्र कीर चौतीस वर्षं परदेशी बोटींवर होते. शेवटची बारा वर्षं सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. मनगटाएवढे दोरखंड त्यांनी बंदरोबंदरी ओढले होते. नोकरी संपवून रत्नागिरीला घरी आल्यावर लोणच्याच्या बरणीचं झाकण त्यांनी एकदा लावलं की ते उघडायलाही त्यांनाच हाक मारावी लागे. असा हात. हा हात एका गिटारपुढे तीन मिनिटांत लुळा पडेल असं कोणी म्हटलं असतं, तर त्याला त्यांनी जेटीवरून ढकललं असतं.

गिटार घरात होतीच. बैठकीच्या खोलीत, भिंतीवर, फ्रेम केलेल्या, मोर भरलेल्या एका रुमालाशेजारी. बोट सोडून जाणाऱ्या एका फिलिपिनो खलाशाने ती त्यांना दिली होती. पुढे मुलगी बघायला गेले, तेव्हा मुलीच्या मामाने विचारलं, "बोटीवर वेळ कसा काढता?" तेव्हा हे म्हणाले, "गिटार वाजवतो." वाजवायचा तो फिलिपिनो, हे नुसते ऐकायचे. पण पोहे घेऊन आलेल्या सगुणाने मान वर करून एकदा पाहिलं, आणि त्या एका वाक्यावर आपलं लग्न जमलं, असा त्यांचा आजवर समज होता.

लग्नानंतर तेहतीस वर्षं त्यांनी गिटार न वाजवण्याची कारणं दिली. तार तुटलीय. हवा दमट आहे. सुतक आहे. हात समुद्रावरच चालतो, जमिनीवर नाही. हे शेवटचं कारणसुद्धा लोकांनी ऐकून घेतलं. सारंगाशी वाद कोण घालणार?

यंदा ज्येष्ठात मात्र पंचाईत झाली. वाडीचे पेटीवाले भिकाजी लोटे गावाला मुलाकडे राहायला गेले. मुलगा-सून दोघंही कारखान्यात शिफ्टला, तेव्हा नातवाला सांभाळायला आजोबा पाहिजेत, आणि आजोबांना पेटी पाहिजे. म्हणजे पेटीही गेली. आता गणपतीत घरोघर आरत्या म्हणायच्या त्या सुराशिवाय? देवळात बैठक बसली. विठू, ज्याच्या आवाजाने पलीकडच्या वाडीतले कुत्रे उठतात, तो म्हणाला, "त्यात काय? हरीतात्या आहेत की! तात्या, काढा ती गिटार खाली."

"आरतीला गिटार?" कोणीतरी कुरकुरलं.

"बाप्पाला काय, सूर मिळाल्याशी कारण," विठू म्हणाला.

तात्यांनी तोंड उघडलं. समोर बायकांच्या रांगेत सगुणा बसली होती आणि तिचा चेहरा अभिमानाने नुसता फुलला होता. तात्यांनी तोंड मिटलं. तेहतीस वर्षांचं खोटं अडीच महिन्यांत खरं करून दाखवायचं, नाहीतर भर वाडीत, बायकोदेखत उघडं पडायचं, असं ते त्या घटकेला ठरून गेलं.

गिटार "तारा बदलायला" म्हणून घराबाहेर पडली आणि माळनाक्याच्या एका क्लासमध्ये जाऊन राहिली. शिकवणारी श्रद्धा, वय चोवीस. बायकोला काय सांगायचं? मंगळवारी आणि शुक्रवारी बी.पी. तपासायला जातो, असं तात्यांनी सांगितलं. माणूस मूर्ख नव्हता, पण खोटं बोलायचंच तर जेवणाशी संबंध नसलेलं बोलावं एवढी अक्कल त्याला नव्हती. सगुणाने त्याच रात्रीपासून आमटीतलं मीठ काढलं. सुका बांगडा बंद. लोणचं बंद, आता बरणी उघडण्याचाही प्रश्न उरला नाही.

क्लासमध्ये तर वेगळाच तमाशा. डाव्या हाताने तारा दाबायच्या आणि उजव्याने छेडायच्या. तात्यांनी तारा अशा दाबल्या की सूर जागचा हलून भलतीकडेच गेला.

"काका, तुम्ही गळा दाबताय तिचा."

"मग धरायची कशी?"

"धरायची नाही. नुसतं टेकवायचं बोट. आवाज आला की बास."

हे तात्यांना पटणं शक्य नव्हतं. बोटीवर टेकवून काही राहत नाही. मिनिटभरात अंगठ्याचा गड्डा ठणकू लागे, दुसऱ्या मिनिटाला करंगळी वाकडी होई, तिसऱ्याला सगळा पंजा खेकड्यासारखा आखडे. त्यावर त्यांनी सारंगाला साजेसा इलाज काढला, आणखी जोर कमवायचा. घरी ते मागच्या पडवीत वल्ह्याचा दांडा अर्धा अर्धा तास आवळत बसत. ओला काथ्या पिळत. हात आणखी दुखे. मग क्लासला जाऊन आणखी आवळत.

त्यातच श्रद्धा म्हणाली, "बोटांची टोकं थोडी निबर झाली पाहिजेत काका. होतील हळूहळू."

हळूहळू? गणपती काय हळूहळू येणार होते? भेगा पडलेल्या टाचा निबर करायला आपल्याकडे काजूच्या टरफलांचं काळं तेल लावतात. तात्यांनी विचार केला, टाचेला चालतं तर बोटाला का नाही? चार बोटं बुडवली. सकाळी चारी टोकांना टरारून फोड, दुपारी कातडी सोलून हातात.

सगुणा तेव्हा अंगणात सुरीने तिसऱ्यांचे शिंपले उघडत बसली होती. तिने नवऱ्याचा हात एकदा पाहिला.

"काजूचं तेल. बोटांना. का?"

"चुकून."

"चार बोटं? ओळीने? अंगठा सोडून?"

तात्या अळणी आमटीवर दोन आठवडे काढलेले, हाताची आग होतेय, पुढे अळणी दोन महिने उभे. खलाशी वादळात टिकतो, पण मिठावाचून नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं. फिलिपिनो, मामा, बी.पी., श्रद्धा, वल्हं. आणि शेवटी, "तुला फसवून लग्न केलं गो मी."

सगुणाने आणखी दोन शिंपले उघडले. मग म्हणाली, "तो मोराचा रुमाल बघितलात?"

"बघायला आलो तेव्हा दाखवलेला? तू भरलेला?"

"काशीने. माझ्या मावसबहिणीने. मला सुईत दोरा घालता येत नाही."

तात्या धप्पकन पायरीवर बसले. स्वतःचं खोटं त्यांना तेहतीस वर्षं टोचलं होतं, पण हिचं ऐकून मात्र खरा धक्का बसला. "पण मी त्याला काच लावून घेतली! सिंगापुरात दाखवला फोटो लोकांना!"

"मग? मी गिटारीची धूळ पुसली तेहतीस वर्षं. फिटंफाट." तिने सुरी पुढे केली. "आता इकडे बघा. ही टोपली उघडायला मला तास लागतो. हात दुखतो माझा?"

"नाय."

"कारण मी शिंपल्याशी कुस्ती खेळत नाही. टोक बरोबर सांध्याशी लावायचं, मग जोर लागतच नाही. भलतीकडे लावलंत तर भीम आणा. आणि पन्नास झाले की हात झटकते, बसते घोटभर पाणी पीत. तुमच्या त्या पोरीने हेच सांगितलं असणार. पण पोरीचं ऐकाल तर शपथ!"

श्रद्धाने अक्षरशः हेच सांगितलं होतं. बोट दांडीवरच्या धातूच्या पट्टीला अगदी खेटून ठेवा, म्हणजे कमी दाबावं लागतं. पाच मिनिटं वाजवा, हात सोडा, झटका, परत पाच मिनिटं. तात्यांनी तेव्हा मान डोलावली होती, तेवढंच.

फोड बरे व्हायला दहा दिवस गेले. मग गिटार घरी आली, आमटीत मीठ आलं, आणि पडवीत सराव सुरू झाला. सगुणा कामातून मान वर न करता ओरडे, "आवळलात! अंगठा सोडा!" तिला सुरातलं काही कळत नव्हतं, पण आवळल्यावर नवऱ्याचं तोंड कसं होतं ते तिला चांगलं माहीत होतं. आषाढ संपता एक आरती पुरी झाली. श्रावणात दोन, मग तीन. चतुर्थीच्या आदल्या दिवशी चार आरत्या सलग, आणि त्यानंतर हाताचा खेकडा.

आरत्या असतात पाच. आणि विठू असला की किती असतात ते विठूलाच ठाऊक. पाचवी संपली, लोक कापूर शोधायला लागले, की हा छाती भरून श्वास घेतो आणि सहावी सुरू करतो.

पहिलं घर विठूचंच होतं. चार ठीक गेल्या. पाचवीच्या मध्यावर तात्यांचा हात आखडला, सहावीला तर त्यांनी तो सरळ मांडीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. आता टाळ थांबणार. आता सगळे वळून बघणार.

कोणी वळलं नाही. आठ झांजा, दोन ढोलक्या आणि एक विठू. या दंग्यात गिटार वाजतेय की नाही हे बाप्पालाही कळलं नसतं. भिकाजीची पेटीसुद्धा चाळीस वर्षांत कोणी ऐकली नव्हती, ती तेवढी सगळ्यांनी पाहिली होती.

आरती झाल्यावर विठूने तात्यांचे दोन्ही खांदे धरले. "काय वाजवलंत तात्या! शेवटच्या आरतीला तर काटा आला अंगावर!"

तात्यांना एकदम कंटाळा आला खोट्याचा. "अरे, शेवटची मी वाजवलीच नाय. हात दुखला. आणि खरं सांगतो, बोटीवरही मी कधी वाजवली नाय. ज्येष्ठात शिकायला लागलो."

सगळे पोट धरून हसले. "बघा," विठू म्हणाला, "एवढी कला, पण माणसाला गर्व नाही!"

दुसऱ्या घराच्या वाटेवर सगुणा शेजारून चालत होती. "पाचवीच्या मध्यावर सोडलात."

"तुला ऐकू आलं?"

"दीड महिना तेच ऐकतेय. मला नाही कळणार? पहिल्या चार बऱ्या होत्या. तिसरी तर चांगलीच."

तात्या वाटेत थांबले. वाडीभर स्तुती झाली होती ती त्यांना कुठेच लागली नव्हती, ही मात्र लागली. "मग इथे पाच होतील," ते म्हणाले. "पण सहावी नाय होणार."

"सहावीचं मी बघते."

दुसरं घर ठमाबाईंचं, वाडीतलं सगळ्यात म्हातारं माणूस. तात्यांनी अंगठा सैल सोडला, बोटं नेमकी पट्टीला खेटून टेकवली, दोन आरत्यांच्या मध्ये हात झटकला. चौथी गेली. पाचवी ओढत ओढत, खेकड्याच्या काठाकाठाने, पण गेली. विठूने छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि सगुणाने त्यात अख्खा मोदक घातला.

घर एकदम शांत झालं. झांजा खाली आल्या. आणि त्या शांततेत तात्यांनी शेवटचा झंकार सोडला. स्वच्छ, सहाही तारांचा, कुठेही न चिरकलेला. वाडीने हरीतात्यांची गिटार पहिल्यांदाच ऐकली ती तेव्हा.

ठमाबाईंनी कानाला हात लावला. "कुणाचा गो फोन वाजतोय तो?" त्या म्हणाल्या. "आरतीला तरी बंद ठेवा मेल्यांनो."