मातीकाकांची बादली

मातीकाका बांधावर येऊन उभे राहिले की आजूबाजूची माणसं हातातलं काम टाकून बघायला येत. काकांना ते आवडायचं. नागमोडी चालत दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्यायचे, कडेची माती खरवडून बादलीत कालवायची आणि शेवटी त्यातली अर्धा किलो माती पिशवीत बांधताना आवाज चढवून म्हणायचं, "आता तुमची जमीन स्वतः बोलेल." तीस वर्षं त्यांच्या शब्दाबाहेर कुणी खत टाकलं नव्हतं.

त्याच शब्दाने एका बाईचं वाटोळं चाललं होतं. ओढ्याकाठचं शेत ती नवऱ्यामागे एकटी करत होती. तीन हंगाम मका खुरटत होता, पानांवर पांढुरके पट्टे. ते पाहून काकांच्या मनात पाल चुकचुकायची. पण प्रयोगशाळेच्या कागदापुढे डोळ्यांचं ऐकायचं नाही, ही त्यांची शिस्त. आणि कागद दर वर्षी म्हणे, जमिनीत काही कमी नाही. दिराने तोच कागद खिशात घातला आणि चारचौघांत सांगू लागला की जमीन सोन्यासारखी आहे, करणारीचे हात वाईट. पेरणीआधी शेत आपल्याकडे द्यावं. सासूही त्याच्याकडे झुकू लागली होती.

चौथ्या वर्षी काका नमुना घेऊन प्रयोगशाळेत गेले, तेव्हा तिथल्या नव्या बाईंनी सहज विचारलं, माती कशात कालवता? काकांनी कौतुकाने आपली चकचकीत बादली पुढे केली. बाईंनी तिच्या आतल्या पत्र्यावर बोट ठेवलं. पत्र्यावरचा मुलामा जस्ताचा होता. मक्याला लागणारं जस्त शेतात नव्हतंच. मोजलं जात होतं ते बादलीचं. तीन वर्षांपूर्वी प्लास्टिकची जुनी फुटली म्हणून काकांनीच हौसेने ही आणली होती.

घरी बायको म्हणाली, गुपचूप दुसरी बादली घ्या, नवा अहवाल येईल, कोण विचारतंय? काकांना घटकाभर पटलंही. पण अहवालाला महिना लागणार होता, आणि पेरणी पंधरा दिवसांवर होती.

सकाळी ते ओढ्याकाठी गेले. दीर ओट्यावर, सासू दारात.

"वहिनी, तुमच्या सुनेच्या हातात खोट नाही," काका सासूला म्हणाले. एरवीचा तो भरदार आवाज पार बसला होता. "खोट माझ्या कामात आहे. तीन वर्षं मी चुकीचं सांगितलं."

सगळं ऐकून दीर हसला. "बादलीनं पीक जातं होय, काका?"

"पीक जस्तावाचून गेलं. ते कळलं नाही, ते माझ्यामुळे."

सासूने हात पुढे करून दिराकडून कागद मागून घेतला. मग सुनेला म्हणाली, "बियाणं निवडायला घे."

सून जागची हलली नाही. "तीन वर्षं मी स्वतःच्या हातांकडे बघत बसायचे, काका."

 याच बादलीत माती कालवलेल्या अजून साठ शेतांत जाऊन काकांना हेच सांगायचं होतं. ते वळले, तशी तिने पायांत चपला सरकवल्या.

"थांबा. शेजारच्यांकडे मी येते. एकटे गेलात तर तुम्हाला बोलू देणार नाहीत."