बैलाच्या चित्राचं पान

वन्सं, आम्ही निघालो तेव्हा तुम्ही दारात उभ्या होत्या, आणि मी तुमच्याकडंसुद्धा संशयानं पाहत होते. रागावू नका. तुमचे दादा शाळेत झेंड्याची गाणी शिकवतात, अशी चुगली कुणीतरी केली होती. ते महिन्यापूर्वीच निजामाची हद्द ओलांडून वऱ्हाडात, चिखलीला गेले होते. चुगली कुणाची ते कळलं नव्हतं, म्हणून मला सगळं गावच चुगलखोर वाटायचं.

गाडी कासममामूची होती. सासूबाई म्हणाल्या, "पोरी, भिऊ नको. कासम बराबर पोचवील." मी मान हलवली. पण नाक्यावरचे शिपाई त्याच्या ओळखीचे. त्याचा भरोसा काय, असंच मनात होतं.

शेवंता चार वर्षांची, सुभी दोनाची. वाटेत रडू नयेत म्हणून तुमच्या दादांनी पुण्याहून आणलेलं चित्रांचं पुस्तक मी बोचक्यात घेतलं होतं. पानोपानी शेतातलं एकेक जनावर, खाली दोन ओळी. "शेळी चढली बांधावर, पाला ओढी खांद्यावर." शेवंताला वाचता येत नव्हतं, पण चित्र दिसलं की ओळी तोंडातून निघायच्याच. बैलाच्या पानावर मात्र मीच घोळ करून ठेवला होता. बाबा कुठं गेले म्हणून पोरी रडायच्या, तेव्हा छापलेली ओळ सोडून मी म्हणायचे, "बैल ओढी गाडी, बाबा गेले पल्याडी." पोरींना तेच पाठ झालं.

भोकरदन मागं पडलं तसा मामू वळून विचारायला लागला, "काय म्हणून राह्यली गं बेटी?" शेवंतानं त्याला सगळं पुस्तक म्हणून दाखवलं, बैलासकट. मी तिला चिमटा काढला, पण उशिरा.

करोडगिरीच्या नाक्यावर जकातीसाठी मालाची झडती व्हायची. मामू उतरला, लिंबाखाली जमादाराशी हळू आवाजात बोलला. दोनदा आमच्याकडं हात केला. विकलं यानं आपल्याला, मी मनाशी म्हटलं.

जमादारानं बोचकं सोडलं. "ये किताब कहाँ की?"

"पोरींची हाय," मी म्हटलं. "माहेरी चाललेय."

त्याला मराठी वाचता येत नव्हतं, त्यामुळं त्याचा वहीम वाढला. तो एकेक पान उलटायला लागला, आणि तो आपल्याला पुस्तक दाखवतोय असं समजून शेवंता म्हणायला लागली. गाय झाली. शेळी झाली. तो पोरीकडं बघायचा, मग चित्राकडं. तिला गप्प करावं तर त्यानं लगेच ओळखलं असतं. बैलाचं पान आलं.

"बैल ओढी गाडी..."

"मामू ओढी बिडी!" कासममामू एवढ्या मोठ्यानं ओरडला की बैल बिचकले. पोरी खदखदून हसल्या. शेवंता पुढची ओळ विसरून गेली.

जमादार हसला नाही. पुस्तक त्यानं ठेवून घेतलं आणि हातानं 'जाव' केलं.

हद्दीपलीकडं आम्हाला उतरवून मामू म्हणाला, "गुरुजीला सलाम सांग, बेटी." मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यानं आम्हाला वाचवलं हे कळत होतं, तरी लिंबाखालची ती कुजबुज मनातून जाईना.

चिखलीत आम्ही 'निजामाकडचे'. विहिरीवर बाया बादली आवरून घ्यायच्या. "तुमच्याकडं कोण येतं, कशाला येतं?" असं सारखं विचारायच्या. तरीही मला शहाणपण आलं नाही. सासूबाईंना चिठ्ठी लिहिली, तीत मामूनं आमचा जीव वाचवला हे नव्हतं. होतं ते एवढंच: "कासम नाक्यावर जमादाराशी कुजबुजत होता. जपून राहा."

ती चिठ्ठी तुम्ही ओसरीवर सगळ्यांसमोर वाचलीत. पुढं निजामाचं राज्य गेलं आणि गावाला तेच वाक्य आठवलं. मामूच्या दारात माणसं जमली. दुसऱ्याच दिवशी तो बायकोपोरांना घेऊन निघून गेला. हे तुम्हीच कळवलंत, आणि वर लिहिलंत, "तुझंच खरं निघालं."

खरं न्हाई निघालं, वन्सं. जमादाराशी तो काय बोलला ते मला मागाहून कळलं. तिथं पहाऱ्यावर असलेला एक शिपाई पुढं चिखलीत भेटला. मामूनं सांगितलं होतं, "मेरी बेटी है, मायके छोड़ने जा रहा हूँ."

आता सगळं निवळलंय, घरी या, असं तुम्ही लिहिता. शेवंता दहा वर्षांची झाली, तिलाही गाव बघायचंय. पण मामू जालन्यात मस्तगडाकडं कुठंतरी राहतो असं ऐकते. त्याचा पत्ता काढा. मी आधी त्याच्या दारी जाईन. त्यानं आत घेतलं, तर मंग तुमच्याकडं येईन.