अध्यक्षांचे मत

हणमंतराव मामा गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी तंजावुरात वारले. तार माझ्या हाती दुपारी, वृत्तपत्राच्या कचेरीत पडली.

मामा आमच्या नगरपालिकेचे एकदा अध्यक्ष होते. सभागृहात दोन गट होते, जवळजवळ सारख्या बळाचे, आणि मामा कुठल्याच गटाचे नव्हते. एका सभासदाने त्यांना तोंडावर सांगितले होते, "राव, तुमची मराठी माणसं मोजायला बसलं तर राजवाड्यामागच्या दोन गल्ल्यांत संपतात. म्हणून तर तुम्ही अध्यक्ष!" मामाही हसले होते. पुढे त्यांनी राजीनामा देऊ केला, तेव्हा दोन्ही गटांनी मिळून तो मागे घ्यायला लावला. इतर कुठल्याही बाबतीत ते गट एकत्र आल्याचे मला आठवत नाही.

मग रस्तारुंदीचा ठराव आला. त्यात आमच्या रांगेतल्या घरांच्या तिण्णै, म्हणजे दाराबाहेरचे ओटे, जाणार होत्या. मामा रोज संध्याकाळी आमच्याच तिण्णैवर बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकत. मते समसमान पडली आणि निर्णायक मत अध्यक्षांवर आले. अशा वेळी आहे ते राहू द्यावे, असा सभेचा प्रघात होता. पण आहे ते राहणे म्हणजे बहिणीचा ओटा वाचणे. घर माझ्या वडिलांचे. कायद्याने मामांचा त्यात हितसंबंध नव्हता, त्यामुळे मत न देता बाजूला होण्याचीही सोय नव्हती. त्यांनी ठरावाच्या बाजूने मत दिले.

त्या संध्याकाळी आईने विचारले, "अध्यक्ष तू, अण्णा... आणि तिण्णै माझी कां?"

"राखली असती तर बहिणीची राखली म्हणाले असते."

"आणि पाडली तर?"

"काही म्हणणार नाहीत."

"मी म्हणेन की!" आई म्हणाली आणि कॉफी आणायला आत गेली.

पाडकाम आमच्या घरापासून सुरू झाले. पुढचा ओटा फुटण्याआधी शेजाऱ्यांनी कोर्टातून मनाई आणली. निवडणुकीनंतर नव्या मंडळाने योजनाच गुंडाळली. रांगेतली एकच तिण्णै गेली.

मामा त्यानंतरही रोज येत. ओट्याच्या जागी उभे राहून कॉफी घेत. आई खुर्ची आणू लागली की म्हणत, "नको. ही जागा आता नगरपालिकेची." आत ये म्हटले तर, "लोक इथंच शोधत येतात." गाऱ्हाणी घेऊन येणारे हळूहळू थांबले... मामा मात्र पाय सुजू लागल्यावरही तिथेच उभे राहत.

मामांचे दिवसकार्य झाल्यावर मी चार दिवस घरी होतो. संध्याकाळी आई वेताची खुर्ची बाहेर, ओट्याच्या जागी मांडते आणि दिवा लावायच्या वेळी आत घेते. नकाशात ती जागा रस्ता आहे. मी निघेपर्यंत खुर्ची हलवा असे सांगायला कोणी आले नव्हते.