कुणापैकी?

लोक मयताला जातात ते रडायला किंवा चारचौघांत दिसायला. माझा एक मित्र तिथे शिकायला जायचा. शिवाजी पेठेत त्याचा नेट कॅफे होता आणि संगणकावर गावकऱ्यांसाठी गप्पांचा कट्टा चालवायचं वेड त्याला लागलं होतं. इतर कट्ट्यांवर नुसत्या शिव्या चालत. "तिथं दारात कोण उभंच न्हाय, भावा," तो म्हणायचा. "लग्नात बघ, पावण्याला आधी पाणी देत्यात, मग बोलत्यात." तो बोलावणं नसलेल्या लग्नांतही जाई आणि जेवण सोडून दारातल्या माणसांकडे टक लावून बघे. एकदा मुलीकडच्यांनी चपलाचोर समजून बाहेर काढलं, तर हा बाहेरूनही बघतच राहिला. मग कट्ट्यावर नियम आला : जुन्या सभासदाने 'या, बसा' लिहिल्याशिवाय नव्याला लिहिता येणार नाही. कुणाच्या घरी मयत झालं की त्या दिवशी लिहिणं बंद, नुसतं येऊन बसायचं. पडद्यावर फक्त नावं. 'येतो' असं निरोपाचं बटण होतं, तेही त्या दिवशी गायब, कारण मयताच्या घरून निघताना तसं म्हणत नाहीत.

पण नाव नोंदवताना पहिलाच रकाना होता, 'कुणापैकी?' म्हणजे कुठल्या घरातले. कोल्हापुरात ओळख तिथूनच सुरू होते आणि पुष्कळदा तिथेच संपते. आम्ही बौद्ध. या प्रश्नाच्या उत्तरानंतर माझ्या वडिलांपुढून पाण्याचा तांब्या परत गेलेला मी पाहिला आहे. मी रकाना रिकामा ठेवला. कट्ट्याने मला आत घेतलं नाही. मी जाब विचारला.

"अरं, आपुलकीनं इचारत्यात की."

"आधी जात विचारणाऱ्या आपुलकीला मी आपुलकी म्हणत नाही."

तो कीबोर्डवरची धूळ पुसू लागला. दुसऱ्या दिवशी रकाना गेला.

प्रश्न गेला नाही. जुने सभासद आता आडनाव वाचून 'या, बसा' म्हणू लागले. माझी बहीण दारातच ताटकळली. शेवटी यानेच तिला आत घेतलं, मग आमच्या वस्तीतल्या सगळ्यांना. त्याचे चुलते कॅफेत येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "उद्या सोयरीक पण करणार व्हय ह्यांच्यात?"

"आधी बसू तर द्या त्यास्नी, तात्या."

जुने सभासद गेले, पाठोपाठ गिऱ्हाइकं गेली. ओस कट्ट्यावर आमची वस्ती तरी किती दिवस बोलणार? रकाना परत घातला असता तर सगळे परतले असते. त्याने घातला नाही.

कॅफे बंद व्हायच्या शेवटच्या दिवशी त्याने कट्ट्याला मयताचा नियम लावला. पडद्यावर नावं तीनच, त्याचं, माझं, बहिणीचं. कॅफेतल्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये आम्ही तिघं गप्प बसलो. मग नियमाप्रमाणे काही न बोलता मी चपला घातल्या.

"येतो म्हण की, लेका," तो पडद्याकडेच बघत म्हणाला.

बहीणच आधी म्हणाली, "येते हं, दादा." मग मीही.